रशियन शहरातला पाद्री: चर्चची तिजोरी वेगळी, पाद्र्याचा खिसा वेगळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एका जुन्या रशियन कथेचा मराठी अनुवाद करतोय. काळ १८५० च्या आसपासचा, जागा व्होल्गाकाठचं तालुक्याचं शहर. व्यापाऱ्याच्या घरी बाळाचा बाप्तिस्मा होतो. यजमान पाद्र्याच्या हाताचं चुंबन घेतो, मग त्याच हातावर पैसे ठेवतो. पाद्री तिथेच उभ्याउभ्या नाणी मोजतो. त्याचा मदतनीस डीकन उंबऱ्याशी घुटमळत राहतो. दोघे गेल्यावर यजमान बायकोला म्हणतो, काय हावरट माणूस आहे! मला कळत नाही की चर्च सरकारी, घुमट सोनेरी, मग हा माणूस पैसे का मागतो? तो श्रीमंत होता की गरीब? आणि त्याला मराठीत काय म्हणू, भटजी की पाद्री?"

मी पंचवीस वर्षं रशियन भाषा आणि रशियाचा सामाजिक इतिहास शिकवतोय. उमेदीची काही वर्षं त्वेर आणि यारोस्लाव्ल इथल्या दफ्तरखान्यांत चर्चच्या जुन्या वह्या वाचण्यात गेली. त्या वाचनातून माझी एक सवय पक्की झाली. पाद्री श्रीमंत की गरीब, हे मी आधी विचारत नाही. त्याला पैसे कोण देतं आणि तो काम कोणाचं करतो, हे विचारतो. या दोन प्रश्नांची उत्तरं एकच निघाली असती तर तुमच्या कथेतला प्रसंग घडलाच नसता. रशियन शहरातला पाद्री राबत होता सरकारसाठी, बिशपसाठी आणि वस्तीसाठी, म्हणजे त्याच्या चर्चला जोडलेल्या घरांसाठी. त्याच्या हातावर पैसे ठेवत होती ती मात्र फक्त वस्ती, आणि तेही सुटे, एकेका विधीमागे. त्याचा मान, त्याची लाचारी आणि लोकांचा त्याच्यावरचा राग या एका व्यवस्थेतून येतो.

आधी शब्दाचं बघू. 'भटजी' नको, त्याने सगळं चित्रच बदलतं. 'पाद्री' चालेल, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच गोव्यातला किंवा वसईतला कॅथलिक पाद्री येतो. तो अविवाहित, घरसंसार नसलेला. रशियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पाद्र्यांचे दोन वर्ग होते. 'काळे' म्हणजे मठवासी संन्यासी, आणि बिशप त्यांच्यातूनच निवडले जात. 'पांढरे' म्हणजे वस्तीतले पाद्री. यांना दीक्षेच्या आधी लग्न करावंच लागे, आणि बायको वारली तर दुसरं लग्न करता येत नसे. तुमच्या कथेतला पाद्री संसारी आहे, घरी सहा-सात तोंडं असण्याची शक्यता आहे. पहिल्याच पानावर त्याच्या बायकोचा किंवा मुलांचा उल्लेख येत असेल तर तो गाळू नका. नसेल तर एक छोटी तळटीप द्या, कारण पुढचं सगळं अर्थकारण या संसारावर उभं आहे.

आता सोनेरी घुमटांकडे येऊ. हा घोटाळा सगळ्यांचाच होतो, माझाही झाला होता. चर्चची तिजोरी आणि पाद्र्याचा खिसा या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी होत्या. चर्चच्या पैशांचा हिशेब एक निवडलेला 'स्तारोस्ता' ठेवी, म्हणजे आपल्या भाषेत देवस्थानचा पंच. शहरात तो बहुधा एखादा व्यापारीच असे. चर्चमधल्या मेणबत्त्यांची विक्री हा या तिजोरीचा मोठा झरा. चर्चसाठीच्या मेणबत्त्या किरकोळीने विकण्याचा हक्क १८०८ मध्ये फक्त चर्चकडे ठेवला गेला आणि त्यातला नफा धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी वर पाठवायचा असं ठरलं. म्हणजे बाई मुलाच्या आजारपणात मूर्तिचित्रापुढे मेणबत्ती लावते, तिचा कोपेक तिच्या पाद्र्याला मिळत नाही, सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या, खर्चाला जातो. घुमटाला सोन्याचा मुलामा द्यायला, नवी घंटा ओतवायला व्यापारी हजारो रुबल देत, पण ते दान देवाला असे. घंटेवर दात्याचं नाव कोरलं जाई, पाद्र्याच्या घरचं छप्पर गळतच राही.

मग पाद्र्याला काय मिळे? मठांच्या आणि बिशपांच्या जमिनी सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने १७६४ मध्ये सरकारजमा केल्या. त्यांबरोबर सुमारे नऊ लाख शेतकरी (फक्त पुरुष मोजून) चर्चच्या ताब्यातून गेले. त्या बदल्यात मठांना आणि मोठ्या कॅथीड्रलांना सरकारी तनखा मिळाला, साध्या वस्तीच्या चर्चांना नाही. पुढच्याच वर्षी, १७६५ मध्ये, विधींचे दर ठरवून दिले गेले: बाप्तिस्म्याला ३ कोपेक, लग्नाला १०, मोठ्या माणसाच्या अंत्यविधीला १०, लहान मुलाच्या ३, आणि कबुलीजबाबाला, म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली देण्याला, काहीही नाही.

मी विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर करायला लावतो. समजा, एका वस्तीत वर्षाला ६० बाप्तिस्मे, १२ लग्नं, २० मोठ्यांचे आणि २० मुलांचे अंत्यविधी झाले. बाप्तिस्म्यांचे १८० कोपेक, लग्नांचे १२०, अंत्यविधींचे २६०. एकूण ५६० कोपेक, म्हणजे वर्षाचे ५ रुबल ६० कोपेक. आणि हे एकट्याचे नाहीत. पाद्री, डीकन, पठण करणारा द्याचोक आणि घंटा वाजवणारा, दिवाबत्ती बघणारा पोनोमार, अशा चौघांत वाटून घ्यायचे. १८०१ मध्ये दर दुप्पट केले, तरी चार कुटुंबं त्यावर जगू शकत नव्हती. म्हणून व्यवहारात कोणीच तो दर पाळत नसे. पाद्री जास्त मागे, यजमान कमी देऊ पाही, आणि घासाघीस होई. खेड्यात निदान चर्चच्या वाट्याची जमीन असे, पाद्री स्वतः नांगर धरी. शहरात बहुतेक ठिकाणी तेही नव्हतं, आणि धर्माधिकाऱ्याला व्यापारधंदा करायला कायद्याने बंदी होती. म्हणजे विधी हाच धंदा झाला, पण त्याला धंदा म्हणायची सोय नव्हती. नाताळात आणि ईस्टरला क्रूस घेऊन घरोघर फिरायची रीत होती. प्रत्येक दारात छोटी प्रार्थना, मग काही नाणी, पाव, अंडी. शहरात दिवसभरात कितीतरी घरं व्हायची, आणि प्रत्येक घरी व्होडकाचा आग्रह. संध्याकाळी झोकांड्या खाणारा पाद्री रशियन चित्रांत आणि कथांत वारंवार दिसतो, त्याच्यामागे ही फेरी आहे.

काल्याझिन हे त्वेर प्रांतातलं असंच व्होल्गाकाठचं तालुक्याचं शहर. तिथे बेल्युस्तिन नावाचा पाद्री होता. त्याने खेड्यांतल्या पाद्र्यांच्या हलाखीवर एक लांबलचक टिपण लिहिलं आणि ते १८५८ मध्ये लाइपझिगमध्ये त्याचं नाव न घालता छापलं गेलं. मोठा गहजब झाला, त्याला हद्दपार करण्याची भाषा झाली, शेवटी झारच्या मर्जीमुळे तो वाचला. त्याचं मुख्य दुखणं पैसे कमी मिळतात हे नव्हतं. हात पसरावा लागतो, हे होतं. ज्याला सकाळी उपदेश करायचा त्याच्याच दारात संध्याकाळी नाण्यासाठी उभं राहायचं. मग उपदेशाला वजन कुठून येणार? मी वाचलेल्या सगळ्या कागदांत मला ही तक्रार सर्वात खरी वाटते. काल्याझिनचा जुना भाग पुढे १९४० च्या सुमारास धरणाच्या पाण्याखाली गेला. कॅथीड्रलचा घंटामनोरा मात्र अजून पाण्यातून वर आलेला दिसतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला दगडाआधी त्या माणसाची आठवण झाली.

चर्चचा पैसा आणि लोकांची श्रद्धा यांचं नातं किती नाजूक होतं हे १७७१ च्या मॉस्कोत दिसतं. शहरात प्लेग होता. वर्वार्स्की दरवाजावरच्या देवमातेच्या, म्हणजे मेरीच्या, चित्रापुढे रोज झुंबड उडत होती. लोक चित्राचं चुंबन घेत, पेटीत पैसे टाकत. आर्चबिशप आम्व्रोसीला कळत होतं की या गर्दीतून रोग पसरतोय. त्याने ती दानपेटी मोहरबंद करायला माणसं पाठवली. "मातेला लुटतायत" अशी ओरड झाली, घंटा वाजू लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी जमावाने दोन्स्कोय मठात आर्चबिशपला ठार मारलं. विधीसाठी दोन कोपेक जास्त मागणाऱ्या पाद्र्याला जे लोक शिव्या देत, तेच लोक चित्रापुढच्या पेटीसाठी जीव घ्यायला उठले. त्यांच्या लेखी पेटीतला पैसा मातेच्या पायाशी पोचलेला होता, आणि पाद्र्याच्या हातावरचा पैसा आपल्या खिशातून गेलेला.

आता दुसरी बाजू, त्याच्या कामाची. झार पीटरने १७२१ मध्ये चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूचं म्हणजे पॅट्रिआर्कचं पद रद्द करून चर्चवर 'सिनड' नावाचं मंडळ बसवलं. तेव्हापासून वस्तीतला पाद्री अर्धा सरकारी कारकून झाला. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंदवही तोच ठेवी. तिच्या दोन प्रती होत, एक चर्चमध्ये राही आणि एक धर्मप्रांताच्या कचेरीत जाई. रशियात या नोंदींसाठी वेगळी मुलकी व्यवस्था आली ती क्रांतीनंतर. म्हणजे वारसा सिद्ध करायचा, सैन्यभरतीचं वय दाखवायचं, दुसरं लग्न करायचं, कशासाठीही पाद्र्याच्या वहीतला उतारा हवा. वर्षातून एकदा कबुलीजबाब देणं सक्तीचं होतं, न देणाऱ्यांची यादी पाद्र्याने करायची. झारचे जाहीरनामे त्याने चर्चमध्ये वाचून दाखवायचे. १८६१ चा भूदासमुक्तीचा जाहीरनामाही लोकांनी पाद्र्याच्या तोंडून ऐकला. सर्वात जड हुकूम १७२२ चा होता. कबुलीजबाबात कोणी राजद्रोहाचा बेत सांगितला आणि त्याचा पश्चात्ताप केला नाही, तर पाद्र्याने ते कळवायचं. आपला पाद्री हे गुपित ठेवील की नाही, अशी शंका एकदा घर करून बसली की ती जात नाही.

या सरकारी कामाचा पगार नव्हता. खेड्यांतल्या पाद्र्यांना सरकारी वेतन पश्चिमेकडच्या प्रांतांत १८४२ मध्ये सुरू झालं आणि इतरत्र फार सावकाश पसरलं. फुकट करायच्या कामाला लोक आपली किंमत लावतात, तसं इथेही झालं. जुन्या पंथाचे लोक, ज्यांना 'जुने श्रद्धावान' म्हणत, ते सरकारी चर्चला मानत नसत. व्होल्गाकाठच्या शहरांत त्यांच्यात मोठमोठे व्यापारी होते. यादीत त्यांचं नाव 'कबुली दिली' असं लागलं तर दंड आणि छळ टळे, आणि त्यासाठी ते पाद्र्याला पैसे देत. म्हणून या याद्या वाचताना मी आकड्यांवर एकदम विश्वास ठेवत नाही. एखाद्या व्यापारी वस्तीत सगळेच धर्मनिष्ठ दिसले तर मी थबकतो. पाद्र्याला मात्र मी सहसा दोष देत नाही. खोटी नोंद केली की शेजारी वाचे आणि घरची चूल पेटे. खरी नोंद केली की शेजारी अडकणार आणि आपणही उपाशी राहणार.

तुमचा पाद्री किती कमावत असेल हे कशावर अवलंबून आहे? मी धर्मप्रांताच्या वार्षिक सेवापुस्तिका वाचतो तेव्हा आधी वस्तीची घरं बघतो, आणि संख्येपेक्षा ती कोणाची आहेत ते. व्यापाऱ्यांची वीस घरं कारागिरांच्या शंभर घरांना भारी पडतात. मग चर्चच्या मालकीची दुकानं किंवा घरं भाड्याने दिली आहेत का ते बघतो. मग मृतांच्या 'कायमच्या स्मरणा'साठी कोणी रक्कम ठेवली आहे का, कारण तिचं व्याज चर्चच्या सेवकांत वाटलं जाई. शेवटी वाटेकरी किती ते. मॉस्कोतल्या श्रीमंत वस्तीत पाद्र्याच्या घरी पियानो असू शकतो, आणि त्याच शहराच्या टोकाला दुसरा पाद्री बटाटे लावून जगत असतो. शहरात एक वरकड उत्पन्न होतं, ते म्हणजे सरकारी शाळेत धर्माचा तास घेणं. त्याला ठरलेला पगार मिळे. कथेतल्या पाद्र्याला अशी शाळा असल्याचा उल्लेख असेल, तर तो माणूस घासाघीस करताना थोडा ताठ उभा राहील.

पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट होती जागेची. पाद्र्याची जागा व्यवहारात घराण्यात राही, जवळजवळ आपल्या जोशीपणासारखी. पण आपल्याकडे वतन हा हक्क होता, तिथे बिशपची मर्जी लागे. पाद्री वारला की मागे राहिलेल्या विधवेला आणि मुलींना निवारा हवा असे. म्हणून जागा मुलीच्या नावे राखली जाई, आणि जो सेमिनरीतला मुलगा तिच्याशी लग्न करील त्याला ती मिळे. ही प्रथा १८६७ मध्ये बंद झाली. तोवर कितीतरी लग्नं अशीच ठरली, आणि सासूला सांभाळणं हा त्या सौद्याचा भाग होता. ज्यांना असा आधार मिळाला नाही त्यांची गत इतिहासकार क्ल्युचेव्स्कीच्या बालपणात दिसते. त्याचे वडील पेन्झा प्रांतात खेड्यात पाद्री होते. १८५० मध्ये ते वारले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन पेन्झा शहरात आली आणि घोर गरिबीत दिवस काढले.

त्याच घरांतून रशियाचा विचार घडवणारी माणसंही निघाली. पाद्र्याला डोईपट्टी नव्हती, मुलांना सेमिनरीत लॅटिन, व्याकरण, तर्क शिकायला मिळे. शहरात व्यापाऱ्याकडे पैसा असे, पुस्तकं मात्र पाद्र्याच्या घरी असत. सेमिनरीत मुलांना नवी आडनावंही देत, कधी सणावरून, कधी लॅटिन शब्दावरून. झार अलेक्झांडर पहिल्याचा सल्लागार स्पेरान्स्की याचं आडनाव लॅटिनमधल्या 'आशा' या अर्थाच्या शब्दावरून आलं. क्रांतिकारी लेखक चेर्निशेव्स्की साराटोव्हच्या पाद्र्याचा मुलगा, समीक्षक दोब्रोल्यूबोव्ह निझ्नी नोव्हगोरोदच्या. शरीरशास्त्रज्ञ पावलोव्ह र्‍याझानच्या पाद्र्याचा मुलगा, वडिलांबरोबर बागेत राबत आणि सेमिनरीत शिकत वाढला, मग १८७० मध्ये विद्यापीठात गेला. सेमिनरीच्या मुलांना विद्यापीठाची दारं १८६३ मध्ये उघडली होती, १८७९ मध्ये ती पुन्हा बंद केली गेली. मधल्या सोळा वर्षांत किती मुलं त्या दारातून गेली असतील याचा विचार केला की मला आजही भरून येतं.

पाद्र्याकडून समाजाला काय मिळे, याचं उदाहरण म्हणून लोक क्रोनश्टाटच्या फादर योआनचं नाव घेतात. नौदलाच्या त्या बंदरात दारू, बेकारी आणि हद्दपार भिकारी यांची गर्दी होती. १८८२ मध्ये तिथे 'श्रमगृह' सुरू झालं. भीक मागणाऱ्याने यावं, ताग पिंजण्याचं किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम करावं, मजुरी आणि जेवण घ्यावं. योआनकडे देशभरातून देणग्या येत आणि तो त्या वाटून टाकी. पण हे अपवादाचं उदाहरण आहे, आणि पुढे त्याचं नाव जहाल राजनिष्ठ गटांशीही जोडलं गेलं. सामान्य पाद्र्याची सेवा इतकी दिसत नाही. चर्चशेजारच्या धर्मशाळेत चार म्हाताऱ्या, मुलांना अक्षरओळख, मरणाऱ्याकडे मध्यरात्री जाणं, आणि वेळेचा हिशेब.

वेळेचा हिशेब म्हणतोय, कारण त्याची किंमत मला आपल्याच मातीत कळली. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तकं नेली होती. त्याने लिहून ठेवलं आहे की उपास कधी, ईस्टर कधी, हे त्याला आता कळत नाही. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावला होता, पण त्याहूनही त्याला याचा त्रास जास्त झालेला दिसतो. गावी हे सगळं घंटा वाजवणारे आणि पंचांग सांभाळणारे लोक त्याच्यासाठी करत होते. ते नसले तर वर्षच हरवतं, हे त्याला परक्या मुलखात कळलं.

आता तुमच्या प्रसंगाकडे. यजमान हाताचं चुंबन घेतो, कारण त्या हाताने आशीर्वाद दिला. त्याच हातावर पैसे ठेवताना त्याला राग येतो, कारण कायद्याने सहा कोपेकांचं काम आहे हे त्यालाही माहीत आहे. पाद्री नाणी तिथेच मोजतो, त्याला तुम्ही मसुद्यात 'हावरेपणाने' हे क्रियाविशेषण लावलं आहे. ते काढा. विधींचा पैसा एका सामाईक पेटीत जाई आणि नंतर वाटला जाई. पाद्र्याचा वाटा सर्वांत मोठा, म्हणून संशयही त्याच्यावरच. डीकन उंबऱ्याशी घुटमळतो तो निघायला उशीर झाला म्हणून नव्हे. त्याचा वाटा त्या हातात आहे आणि तो मोजताना बघतोय. पाद्री मोजतो ते त्याला दिसावं म्हणून. रशियन वाक्यात मोजताना नाण्यांचा आवाज येतो असं असेल, तर तो आवाज मराठीतही येऊ द्या.